झाडाखालची जागा

"अहो, मला यात नाही यायचं."

बोलून तर गेले, पण यांच्याकडे वर बघायचा धीर होईना. शरदातल्या हिगानचा दिवस, पितरांची थडगी धुवायचा. आमचे हे, कोकिची, दगडावर पाणी ओतत होते आणि मी शेवाळ घासत होते. आत सासरे आणि सासूबाईंच्या अस्थी. पुढचा नंबर आमचा. सून घरात आली की तिची ही जागाही ठरते, तिला कोणी विचारत नाही.

"कशात नाही यायचं?"

"या थडग्यात. जन्मभर सासूबाईंनी माझ्या मिसोच्या सारात खोट काढली. मेल्यावर पुन्हा तेच? मला जुमोकु-समाधी हवी आहे. डोंगरावरच्या देवळात मिळते."

जुमोकु म्हणजे झाडच, पण आमच्याकडे हा सरकारी नोटिशीतला शब्द. घरात कोणी असं बोलत नाही, घरात साधं झाड. पण मला वाटलं, भारदस्त शब्द वापरला की हे ओरडणार नाहीत. भांडी घासताना पाठ केला होता मेला.

"जुमोकु! अगं, नगरपालिकेतून आलीस का? सरळ झाड म्हण की."

"बरं, झाड! झाडाखाली ठेवा माझ्या अस्थी. झालं समाधान?"

आमचे हे बादली ठेवून पायरीवर टेकले. आता घराण्याच्या नावाने व्याख्यान ऐकायचं, म्हणून मी मान खाली घातली.

"फुमिए, मलाही नको गं इथे," ते हळूच म्हणाले. "बाबांच्या शेजारी म्हणजे पुन्हा त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकणं. रंधा वाकडा धरला की हातावर फटका. आतही म्हणतील, नीट सरळ झोप."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"थोरल्या मुलाने असं बोलायचं असतं का? थडगं आता शिगेओ बघेल. धाकटा मुलगा म्हणून लाडका होताच की बाबांचा."

मला हसू आवरेना, हसता हसता रडूच आलं. अगंबाई, केवढं ओझं उतरलं! दोघंही एकाच भीतीने त्या दगडाला पाणी घालत होतो, तेही एकमेकांपासून लपवून.

हे टॉवेल पिळत राहिले. मग म्हणाले, "त्या झाडाखाली एकाचीच जागा असते का गं?"

घर कुठे घ्यायचं, दुकान कुठे टाकायचं, सगळं यांनी ठरवलं आणि मी मागून गेले. आज पहिल्यांदा मला विचारत होते, तेही खाली बघून.

"दोघांचीही मिळते," मी म्हणाले. "पण घोरायचं नाही."

"प्रयत्न करतो," ते म्हणाले, आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन शेवाळ घासायला बसले.