पट्टा सैल

कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब हळूहळू फुगत होता, आणि तो ओघळायच्या आत तपासणीच्या नळीत टिपायचा होता — दोन टप्प्यांमधल्या अर्ध्या मिनिटात एवढंच काम, खेळाडूंच्या चाचण्या घेताना अकरा वर्षं तिचा हात आपसूक करत आलेला. आज हात अडला. गालाला चिकटलेली पाळी, तिच्यामागे बारीकसा तीळ... सख्ख्या भावंडांचे कान इतके सारखे असतात?

"ताई, घेतलं ना?" मुलगी धापा टाकत म्हणाली.

"घेतलं. चल, पाचवा टप्पा."

वल्हवण्याच्या यंत्राची साखळी पुन्हा खरखरू लागली. दर चार मिनिटांनी जोर वाढवत न्यायचा, सात टप्पे, आणि शेवटी त्या थेंबांवरून, ठोक्यांवरून कळणार की हे शरीर किती सोसतं. होडीत जागा आठ. सात ठरल्या होत्या, आठवी आजच्या चाचणीवर. यादी संध्याकाळी जाणार होती, म्हणून कोच खिडकीशी उभा राहून नखं खात होता.

पाचवाच टप्पा होता तो — दोन वर्षांपूर्वी, हिचा दादा याच यंत्रावर बसला होता तेव्हा — पडद्यावरचे ठोके एकशे ऐंशीवरून एकदम दोनशे एकवीसवर उडाले, सहा सेकंद, आणि पुन्हा खाली. पोरगा घामानं निथळत होता, म्हणजे ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा कोरडा पडून चुकला असणं शक्य नव्हतं... हे तिला तेव्हाही कळत होतं. पण बाहेर आणखी चौघे ताटकळले होते, आणि पट्टे काय, नेहमीच घोळ घालतात. तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं — पट्टा सैल. हात न लावता लिहिलं मी. एकोणीस दिवसांनी तो सरावात, होडीतच कोसळला आणि गेला. हृदयातली खोट आधी कळायला काही मार्गच नव्हता, असं डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली.

एकशे शहात्तर. एकशे अठ्ठ्याहत्तर. दोनशे चौदा.

"थांब! मूठ सोड! सोड म्हणते ना!"

"ताई, दोनच टप्पे राहिलेत..."

"अहो मॅडम, पट्ट्याचा घोळ असेल," कोच धावत आला. "हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्यात हिच्या. दुधानं तोंड पोळल्यासारखं काय करताय? मधेच थांबवलं की चाचणी बाद!"

बिचारा सहज बोलून गेला. तोंड कुणाचं आणि कशानं पोळलंय, त्याला कुठं ठाऊक होतं?

तिनं मुलीच्या पाठीशी हात घातला. पट्ट्याची कडी अर्धवट निसटली होती, पट्टा घसरून पोटावर आला होता. तिनं तो नीट बसवला. एकशे साठ, एकशे त्रेपन्न... ठोके शहाण्यासारखे उतरत गेले.

आणि तिचं मन खट्टू झालं. हो, खट्टूच — तिनं ते ओळखलं. घटकाभर ती मनोमन मागत होती की आकडा खरा निघू दे, या विशीतल्या छातीतही तीच खोट असू दे, म्हणजे एकदा तरी मी वेळेवर पोचले असं होईल. कुणाच्या पोरीच्या जिवावर आपलं पाप धुवायला निघाली होती ती! आणि आज पट्टा खरंच सैल होता, म्हणजे त्या दिवशीही असेल... दोन वर्षं शोधलेली सबब आयती हाती आली होती, पण धरवेना. त्या दिवशी हात लावलाच नव्हता. आता कधीच कळणार नव्हतं.

कोच फोन कानाला लावून बाहेर गेला. मुलीनं टॉवेलनं डोळे पुसले.

"पट्ट्यापायी गेली ना माझी जागा?" मग थोडं थांबून, "दादाच्या वेळी झालं होतं असं कधी?"

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. 'नाही' हा शब्द जिभेवर तयारच होता.

"झालं होतं," ती म्हणाली. "मी पट्टा तपासला नव्हता. तसंच लिहून टाकलं."

टॉवेल धरलेला हात जागीच थांबला. बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. तिनं वाट पाहिली, तसलं काही वाटलं नाही. दोन वर्षं ती त्या गेलेल्या पोराला भीत आली होती. आता तिला समोर बसलेल्या जिवंत मुलीची भीती वाटत होती, आणि तरीही ती तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.