त्याच कापडातला धागा

“थांब. काळ्या कापडाला सकाळचा उजेड लागतो.”

ओठांत सुई धरून आबा हे म्हणायचे. त्याला तीस वर्षं झाली, पण सुई ओवायला घेतली की तिला ते अजून ऐकू येई. आताही आलं. मांडीवर करड्या पॅंटचा पाय उलटा करून ती आतल्या दुमडीतून एक धागा ओढून काढत होती, हळूहळू, तुटू न देता, वीतभर. गुडघ्यावरचं भोक भरायला धागा त्याच पॅंटच्या पोटातून घ्यायचा. बाहेरचा कितीही जुळता असला, तरी दोन धुण्यांत तो परका दिसायला लागतो. तिचे वडील, आबा, रफूगार होते. आता ती होती, त्याच दुकानात, त्याच खिडकीशी.

समोर जिथे एरवी गिऱ्हाइकांच्या पिशव्या असत, तिथे भाचीचा लॅपटॉप उघडा होता. आज भाचीने खास सुट्टी घेतली होती.

“आत्या, न्यूजलेटरला नाव काय द्यायचं?”

“रफू.”

“आणि लेखिकेची ओळख?”

“रफू करते.”

“अगं, वाचणाऱ्याला वाटायला नको का, कोणीतरी वजनदार बाई लिहितेय?”

“मग वजन टाक.”

भाची हसली आणि खोक्यातलं पहिलं पान तिने पुढ्यात ओढलं. शर्टाच्या त्या रिकाम्या खोक्यात अकरा लेख होते. दोन वर्षांत, दुपारी गिऱ्हाईक नसताना लिहिलेले. आबांची बोटं, कोपरांशी विरलेले कोट, एकाच साडीला पाचव्यांदा रफू मागणारी बाई. प्रत्येक लेखाच्या शेवटी दोन ओळी, आई काम करताना गुणगुणायची त्या चालीत. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन शब्द: कच्चं. थांब.

ते अक्षर दादाचं होतं. तिचा थोरला भाऊ, भाचीचे बाबा. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेला. लिहिलं की ती आधी त्याच्याकडे पाठवी आणि आठवड्याने पान परत येई, कोपऱ्यात ते दोन शब्द घेऊन. ‘थांब’ हा घरातला शब्द होता, आबांच्या तोंडचा. त्याच्यावर शंका घ्यायची तिला सवय नव्हती. फक्त आबा थांब म्हणाले की सकाळी ‘आता घे’ही म्हणायचे. दादाने ते अजून कधी म्हटलं नव्हतं. शेवटी भाचीच म्हणाली, खोक्यात झाकून ठेवून आणखी किती पिकवणार आहेस, आण ते इकडे.

भाची वाचत वाचत टाइप करू लागली.

“‘आबा कापड खिडकीशी धरायचे. आधी उलट्या बाजूने बघायचे, मग सुलट्या. म्हणायचे, फाटलेलं कापड खोटं बोलत नाही...’”

तिची बोटं थांबली. तिने पान पुन्हा पाहिलं. मग आत्याकडे.

“हे मी वाचलंय.”

“कुठून वाचशील? खोकं आज उघडलं.”

“बाबांच्या न्यूजलेटरमध्ये.” बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. “तुला माहीत आहे ना? दर रविवारी पाठवतात. मला वाटलं, तुला सगळ्यात आधी येत असेल.”

आत्याने सुई कापडात खोचून ठेवली. उघडी सुई कुठेही टाकायची नाही, हे हातात मुरलेलं होतं. मग चष्मा पुसला आणि भाचीने पुढे केलेला फोन घेतला.

दादाचा फोटो. खाली शीर्षक. खाली तिची वाक्यं. कुठे एखादा शब्द शाळेतल्यासारखा इस्त्री केलेला, बाकी तिचीच. ती बोटाने पडदा सरकवत गेली आणि मध्येच अडली.

‘आबांजवळ पत्र्याचा एक डबा होता. त्यात सत्तर छटांची रिळं. त्यातून ते नेमकी जुळणारी छटा उचलत.’

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. दुकानात डबा नव्हता. कधीच नव्हता. धागा दुमडीतून निघतो हे तिने लिहिलं होतं, तेवढंच त्याने काढून टाकलं होतं. खरं वाटलं नसेल. खाली कोणीतरी लिहिलं होतं, तुमच्या वडिलांचा तो डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. दादाने उत्तर दिलं होतं, माझ्याही.

शेवटच्या दोन ओळी मात्र त्याने जशाच्या तशा ठेवल्या होत्या.

*फाटलं त्याच्या घरी, धागा दडून बसतो*
*हळू हाक मारावी, मग उजेडी हसतो*

“किती आहेत असे?” तिने विचारलं.

भाचीने खोक्यातली पानं एकेक करून फोनशी ताडून पाहिली. “चार.”

“बरं.”

“आत्या, आता हे टाकलं तर लोक म्हणतील, तूच बाबांचं उचललंस. त्यांना तीन हजार लोक वाचतात.”

“आणि नाही टाकलं, तर आबांच्या हातात तो डबा कायमचा राहील.”

भाची बाहेर गेली आणि तिने बाबांना फोन केला. फुटपाथवर येरझारा घालताना तिचे हात हलताना दिसत होते.

दादा चारच्या सुमाराला आला. काखेत काळा कोट होता. हात हलवत यायला त्याला जमलं नसावं.

“बाहीला भोक पडलंय,” तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. तिने कोट घेतला, मांडीवर पसरला.

“खोक्यातच पडून होतं गं ते,” तो म्हणाला. “तू काही छापणार होतीस का?”

“तू थांब म्हणाला होतास.”

“मी तुझं नाव घालणार होतो. पहिल्या वेळीच. मग लोकांची पत्रं आली, आणि...” त्याने हाताने नुसतंच काहीतरी दूर सारल्यासारखं केलं. “हे बघ, ते चार सोड. बाकीचे सात टाक. मी स्वतः लिहितो की आमची बहीणही लिहिते. माझे सगळे वाचक तुला मिळतील. भांडण कशाला?”

“बाबा,” भाची म्हणाली, “तुम्ही ऐकताय का, काय बोलताय ते?”

“तू मध्ये पडू नकोस.”

“तिला बोलू दे,” आत्या म्हणाली. तिचं बोट कोटाच्या भोकाभोवती फिरत होतं. “दादा, आबांकडे डबा नव्हता.”

त्याने मान खाली घातली. “मला काय ठाऊक? मला कधी बसू दिलं त्यांनी इथे? हात जड आहे म्हणायचे. पुस्तकं घे आणि घरी जा, म्हणायचे. मी दारातून जेवढं दिसलं तेवढं बघितलं.”

“मला विचारायचंस.”

तिने खोकं पुढे ओढलं, त्यातली चार पानं वेगळी केली आणि भाचीसमोर ठेवली.

“ही आधी टाक.”

“थांब जरा,” दादा म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच तो ऐकू आला असावा, कारण त्याची नजर पानाच्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीच्या दोन शब्दांवर गेली.

भाची टाइप करत राहिली. दुमडीचं वाक्य आलं तेव्हा ती अडखळली, आत्याने बाजूला ठेवलेली करडी पॅंट उलटी करून तिला दुमड दाखवली, तिने मान हलवली. पहिलं पान झालं. पडद्याच्या कोपऱ्यात ‘प्रकाशित करा’ असं हिरवं चौकोनी बटण होतं. भाचीने लॅपटॉप आत्याकडे वळवला. तिने बोट पदराला पुसलं, एकदाच दादाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी गोल फिरलं आणि थांबलं.

आता मागे घेण्यासारखं किंवा मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. दादा उठला. कोटाकडे हात नेला.

“असू दे इथे,” ती म्हणाली. “काळा आहे. सकाळी करीन.”

तो दारापर्यंत गेला. लहानपणी पुस्तकं घेऊन उभा राहायचा तिथेच, चौकटीला हात लावून उभा राहिला. रस्त्याकडे तोंड होतं.

“कच्चं नव्हतं गं,” तो म्हणाला. “एकही नव्हतं. पहिलं पान वाचलं त्या दिवशीच मला कळलं होतं.”