नवरा बर्फावर

माझ्या बाबांना आयुष्यात एकच आवाज ऐकायचा होता. आपण केलेल्या गंमतीवर भरलेली खोली खदखदून हसतेय, हा. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. रोज सकाळी आरशात बघत एक विनोद सांगितला, आणि मिनेसोटातल्या आमच्या गावची गुणी मुलं ‘छान होता, मिस्टर टोलेफसन’ म्हणून खाली उतरून गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला.

चित्रपटाचं नाव ‘नवरा बर्फावर’. गोठलेल्या तळ्यावर खोपटं टाकून मासे धरत बसलेला नवरदेव गळ सोडून लग्नाला यायला तयार नाही, म्हणून अख्खं लग्नच त्याच्या खोपटात शिरतं. गोष्ट खरंच चांगली होती. बिघडली ती जेवणामुळे.

मागच्या हिवाळ्यात चित्रीकरणाच्या पहिल्याच रविवारी शेजारच्या मार्लिसबाई ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं घेऊन तळ्यावर आल्या. गरम भांडं घेऊन आलेल्या माणसाला नुसते आभार मानून परत पाठवणं आमच्या रीतीत बसत नाही. बाबांनी त्यांना नवरी केलं. वय सदुसष्ट. पुढच्या रविवारी नऊ भांडी आली. म्हणजे नऊ भूमिका. आणि कॅमेरा समोर आला की आमची माणसं गमतीचं काही बोलत नाहीत, वीस वर्षं दाबून ठेवलेलं बोलतात. आमचे पाद्री आपल्या मेलेल्या कुत्र्याबद्दल अकरा मिनिटं बोलले. कुणी विकलेल्या गाईंबद्दल, कुणी बहिणीशी धरलेल्या अबोल्याबद्दल.

चित्रपटाचं जोडकाम, म्हणजे संकलन, माझ्याकडे होतं. माझी तान्ही लेक थेया दुपारी झोपली की चाळीस मिनिटं, कधी तिला मांडीवर घेऊन एका हाताने. मी कात्री लावायला बसले की फोन वाजायचा.

‘‘अगं, माझं काढून टाकलंस तरी चालेल हं,’’ मार्लिसबाई म्हणायच्या. ‘‘उगाच जागा कशाला अडवायची माझ्यासारखीनं!’’

आता यानंतर कोण काढणार? मीही याच गावची. कुत्रा राहिला, गाई राहिल्या, बहीणही राहिली. विनोदी चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा झाला आणि त्यातला दीड तास रडका.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात खेळ लावला. सगळं गाव आलं. बाबा शेवटच्या रांगेत वही-पेन्सिल घेऊन बसले. एक हशा, एक रेघ.

‘‘मोठी वही आणायला हवी होती,’’ ते मला कुजबुजले.

पडद्यावर नळकाम करणारा लॉइड, आमचा नवरदेव, ओल्या बाकावर बसला आणि त्याची विजार बाकाला गोठून चिकटली. ही खरीच झालेली फजिती. तो उठतो, बाक उठतो. तो वळतो, बाक वळतो, पाद्री आडवे. घरी जोडताना मी इतकी हसले होते की थेया दचकून जागी झाली होती.

तळघरात चिडीचूप.

कारण लॉइड तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजाऱ्याच्या फजितीवर त्याच्यादेखत हसायचं कसं? सगळे एकमेकांकडे बघत होते, आधी कुणीतरी हसेल म्हणून. मग कुत्रा आला, आणि एकसाथ रुमाल निघाले. रडण्याला सर्दीचं निमित्त असतं. हसण्याला काहीच निमित्त नसतं.

दिवे लागल्यावर माणसं बाबांकडे आली.

‘‘आवाज स्वच्छ ऐकू आला हं, आर्विड.’’

‘‘खुर्च्याही बऱ्या होत्या.’’

कॉफी झाली. लिंबाच्या वड्यांच्या ताटात शेवटची वडी उरली. रिवाजाप्रमाणे कुणीतरी तिची अर्धी कापून घेतली, पुढच्याने त्या अर्धीची अर्धी. शेवटी नखाएवढा तुकडा ताटात राहिला. तो कुणीही घेणार नव्हतं. दारात तासभर निरोप चालले, आणि मग तळघरात आम्हीच उरलो.

बाबा वायर गुंडाळत होते. वही कोरी होती.

‘‘कॅमेरा शाळेला देऊन टाकतो,’’ ते म्हणाले. ‘‘पोरांना उपयोग होईल.’’

‘‘बरं झालं, जेवणाच्या टेबलावर ताटं ठेवता येतील,’’ आई म्हणाली. पण बाबांकडे न बघताच म्हणाली, आणि कप विसळायला निघून गेली.

थेयाच्या लंगोटांची पिशवी गाडीत राहिली होती. तिला कडेवर मारून मी वर गेले. बघते तर एकही गाडी हललेली नव्हती. इंजिनं चालू, काचा वर, आतून वाफ धरलेली. लॉइडच्या गाडीची एक काच कुणीतरी बाहीने पुसली होती. आत त्याची बायको स्टिअरिंगवर थपडा मारत होती. लॉइड स्वतः बूड उचलून बाकासकट उठायची नक्कल करत होता. पलीकडे पाद्रीबुवांची गाडी चक्क हिंदकळत होती. मागच्या गाडीत, पुसलेल्या काचेआड, मार्लिसबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या, आणि ते कुत्र्यासाठी नव्हतं.

मी धावत खाली गेले. ‘‘बाबा, चला. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘अगं, टोपी तरी...’’

‘‘टोपी मरू दे!’’

बाबा वर आले. उभे राहिले. मग लॉइडच्या काचेवर टकटक केली. आतले दोन्ही चेहरे क्षणात प्रवचनाला बसल्यासारखे झाले. काच बोटभर खाली आली.

‘‘गाडी सुरू होत नाही का रे?’’

‘‘होतेय की. तापवतोय जरा.’’ लॉइडचा आवाज कापत होता. ‘‘चित्रपट बरा होता, आर्विड.’’

‘‘आभारी आहे.’’

काच वर गेली. बाबा दोन पावलं पुढे सरकले आणि पाठमोरे उभे राहिले. मागे गाडीत पुन्हा हशाचा स्फोट झाला. काचेतून दबून का होईना, चांगला ऐकू आला. त्यांनी खिशातून वही काढली आणि एक रेघ मारली. मग ते सावकाश गाड्यांच्या रांगेतून चालत गेले, बसच्या मागच्या बाकावरच्या मस्तीकडे न बघता ऐकणाऱ्या ड्रायव्हरसारखे. बर्फात, उघड्या डोक्याने, रेघा मारत. थेया माझ्या कडेवरून त्यांच्याकडे बघून टाळ्या पिटत होती.

खाली येऊन ते सरळ ताटाकडे गेले आणि वडीचा तो शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

‘‘आर्विड!’’ आईच्या हातातला कप निसटता निसटता राहिला. ‘‘ती शेवटची होती!’’

‘‘हो, वर्ना.’’ बाबा बोटं चाटत म्हणाले. ‘‘चांगली झालीय.’’

मग गुंडाळलेली वायर त्यांनी पुन्हा सोडायला घेतली. ‘‘पोरी, चर्चची वाहनतळाकडची भिंत पांढरी आहे ना गं? पुढच्या रविवारी परत लावू. सगळ्यांना सांग, गाडीतून उतरायचं नाही.’’

‘‘आणि कुत्रा?’’ मी विचारलं.

बाबांनी थोडा विचार केला. ‘‘कुत्रा राहू दे. पाद्रीबुवांनी दोन भांडी आणली होती.’’