आपलीच वाडी

मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, ‘आपलं’. शिव्या त्याच्यापुढे काहीच नाहीत. शिवी दिली की समोरचा निदान भांडतो तरी. ‘आपलं’ म्हटलं की समोरचा हसतो, मान डोलावतो आणि त्याची वाडी जाते.

आमची जवळजवळ गेलीच होती.

आमची वाडी म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग. दगडी कुंपणाच्या, म्हणजे गडग्याच्या, पलीकडे धनेशकाका आणि नूतनकाकी राहतात. त्यांचीही वाडी होती, पण ती तोडून त्यांनी होम-स्टे बांधला. खाली दोन खोल्या, वर दोन, सगळीकडे एसी, गच्चीवर दिव्यांच्या माळा. नाव ठेवलं ‘हिरवी सावली’. त्यात हिरवं फक्त गेट आहे आणि सावली पाण्याच्या टाकीची. मग रेवसला लाँचमधून उतरून आलेले मुंबईचे पाहुणे विचारायला लागले की सावली कुठे आहे, तेव्हा काकांनी गडग्याकडे बोट दाखवलं. “जा की, फिरा. आपलीच वाडी आहे.”

आधी आल्या चादरी, आमच्या दोन माडांमध्ये दोरी बांधून. मग सकाळच्या नाश्त्याची टेबलं. मग झोपाळा. एका रविवारी मी पुस्तक घेऊन रातांब्याखाली, म्हणजे कोकमाच्या झाडाखाली, माझ्या जागेवर गेले, तर तिथे एक टक्कलवाले गृहस्थ पाय पसरून बसलेले. मला म्हणाले, “बाळा, दोन चहा आण. एक बिनसाखरेचा.”

मी आणला! बिनसाखरेचासुद्धा!

पण ती जुनी प्राप्ती, म्हणजे जुनी मी. त्यानंतर मला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून मला कुणी गप्प बसवू शकलेलं नाही. आई म्हणते, उत्तेजनार्थला ही अवस्था, पहिला नंबर आला असता तर आम्हाला गाव सोडावं लागलं असतं.

आई स्वतः शिक्षिका आहे. पहिलीचा अख्खा वर्ग ती नुसत्या भुवईवर चालवते. पण गडग्यापलीकडून “वहिनी!” अशी हाक आली की तिची भुवई विरघळते. बाबा न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहेत, सुट्टीला घरी येतात. त्यांचं ठरलेलं, “तू बोल ना त्यांच्याशी.” आईचं ठरलेलं, “तुम्हीच बोला.” मग दोघं मिळून आमटीला मीठ कमी आहे का, यावर बोलतात.

तर मे महिन्यात एका संध्याकाळी काका गडग्यावर हात टेकून म्हणाले, “वहिनी, तो कोपऱ्यातला रातांबा तेवढा काढून टाकू. गडगा जरासा पाडला की आपल्या चार गाड्या आरामात लागतील. शनिवारी मशीनवाला सांगितलाय. तुम्हाला काही त्रास नाही, सगळं मी बघतो.”

अगदी उपकार केल्यासारखं. आई “हो का” म्हणाली आणि आत येऊन गॅसपुढे नुसतीच उभी राहिली. गॅस पेटवलेलाच नव्हता.

रातांबा आईचा आहे. लग्न झाल्यावर तिने तो माहेरहून, पालीहून आणला, एसटीत मांडीवर धरून. रातांब्याचं रोप नर की मादी हे कळायला फळ धरेपर्यंत थांबावं लागतं. वर्षानुवर्षं पाणी घालायचं आणि शेवटी नर निघाला तर बसा सावली मोजत. गावातल्या बायका येता-जाता म्हणायच्या, “नर निघणार हो हा.” आई गप्प राहून पाणी घालायची. मग एका वर्षी लाल फळं धरली आणि आईने म्हणे त्या सगळ्या बायकांच्या घरी वाटीभर आमसुलं नेऊन दिली, काही न बोलता. आत्ताही झाड लालभडक लगडलं होतं. काकांचे पाहुणे ‘घरचं कोकम सरबत’ म्हणून जे पितात, तेसुद्धा याच झाडाचं.

“आई, नाही म्हणून सांग ना.”

“सांगते.”

“आत्ता जा.”

गेली. पदर खोचून वगैरे गेली. मी खिडकीत उभी. खूप वेळ लागला म्हणजे चांगलंच सुनावतेय, असं मला वाटलं. परत आली तेव्हा चेहरा पडलेला.

“काय म्हणाले काका?”

“म्हणाले, वहिनी, तुम्ही आहात म्हणून सगळं जमतंय.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं...” आईने माझ्याकडे बघायचं टाळलं. “म्हटलं, शनिवारी पाहुणे जास्त असतील तर आपल्या खुर्च्या न्या.”

“आई!”

“ओरडू नकोस. तू लहान असताना तापाने फणफणली होतीस, बाबा ड्यूटीवर. भर पावसात धनेशभाऊजींनी टेम्पो काढून अलिबागला नेलं होतं. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून होते.”

“ते बोलून दाखवतात?”

“एकदाही नाही. तीच तर पंचाईत आहे.”

वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं हो. पण चांगला माणूस जेव्हा तुमचं झाड तोडायला निघतो, तेव्हा काय करायचं?

दुसऱ्या दिवशी काका फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होते. “पार्किंगचं टेन्शन नको. आपलीच वाडी आहे, आपलंच झाड आहे.” मी नळावर हात धूत होते आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख झालं. ‘आपलं’ म्हणजे माझं आणि तुझं मिळून. बरोबर? मग काका आमच्यातला त्यांचा वाटा रोज घेत होते आणि आम्ही त्यांच्यातला आमचा वाटा अजून उचललाच नव्हता! केवढं हे नुकसान!

मी मैत्रिणीला, गौरीला, फोन लावला. “अभ्यासाला ये. पुस्तकं आण, शाल पण आण.”

“शाल? मे महिन्यात?”

“एसी आहे.”

आठवड्याच्या मधल्या वारी होम-स्टे रिकामाच असतो. गौरी, मी आणि आणखी तिघी खालच्या खोलीत पसरलो. बीजगणित इतकं थंडगार कधी लागलं नव्हतं. थोड्या वेळाने नूतनकाकी दारात.

“अगं प्राप्ती? इथे काय करताय तुम्ही?”

“अभ्यास, काकी. म्हटलं आपली एसी रूम रिकामीच आहे.”

काकींचं तोंड उघडलं आणि मिटलं. ‘आपली’ म्हटल्यावर काय बोलणार? हाच तर त्या शब्दाचा गुण. आईचं इतके दिवस काय होत असेल ते मला त्या तोंडाकडे बघून कळलं.

“बरं... पण चादरी मळवू नका.”

“छे छे, आपल्याच आहेत ना!”

मग मी त्यांच्या फ्रीजमध्ये आमचा फणस ठेवला. कापलेला. काकींच्या दह्याला, लोण्याला आणि पाहुण्यांच्या केकला फणसाचा वास लागला. काका विचारायला आले तर मी म्हटलं, “आपला फ्रीज मोठा आहे ना काका, आमच्याकडच्यात मावेना.” काकांनी डोकं खाजवलं. “हां हां, ठेव की,” म्हणाले, पण ते ‘की’ जरा लांबलं. गौरी म्हणाली, “तुझा काका लई सोशिक आहे गं. असा नाय हलायचा.”

आणि शनिवार आला.

सकाळी आई सुकटीची टोपली घेऊन मागच्या दारात उभी. पावसाळ्याची बेगमी मे महिन्यातच करावी लागते. पण जिथे दरवर्षी सुकट वाळते, तिथे काकांची टेबलं आणि टेबलांवर आमच्याच खुर्च्या उलट्या घातलेल्या.

“कुठे घालू गं ही?”

“दे, मी घालते.”

“कुठे?”

“आपल्याकडेच.”

होम-स्टेच्या गच्चीला बाहेरून जिना आहे. गच्चीवर हृदयाच्या आकाराची लोखंडी कमान आहे, पाहुणे तिच्यात उभे राहून सूर्यास्ताचे फोटो काढतात. मी आणि गौरीने कमानीसमोर जवळा पसरला, छान पातळ, आई पसरते तसा. बोंबील उरले. ते जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून कमानीवर टांगले. हृदयाच्या आत एक बोंबील राहील अशी जागा होती, तिथे सगळ्यात लांब बोंबील लावला. मागे निळा समुद्र. खरं सांगते, त्या कमानीचा इतका सुंदर उपयोग आजपर्यंत कुणी केला नव्हता.

खाली मशीनवाला आला होता. गणराज नाव त्याचं, आतल्या गावातला, खांद्यावर पेट्रोलची करवत. काका त्याला रातांब्याजवळ नेऊन दाखवत होते, इथून घे, असा पाड. आई मागच्या दारात. हातात आमसुलांसाठीची परडी, म्हणजे निदान फळं तरी उतरवू द्या, एवढं मागायला निघाली असावी. ते बघून मी धावत जिना उतरून खाली आले. माझी सगळी गंमत चालली होती आणि करवतीची दोरी ओढायचीच बाकी होती.

तेवढ्यात वरून एका बाईंचा आवाज आला. “अहो भाऊ! ओ भाऊ! हे काय लटकवलंय इथे? आमचं आज प्री-वेडिंगचं शूट आहे!”

काका धावत जिना चढले. मी त्यांच्या मागे. गच्चीवर नवरी, नवरा, नवरीची आई आणि कॅमेरावाला. नवरीने नाक ओढणीत धरलेलं. नवरीची आई मात्र खाली वाकून जवळा बोटाने चाचपत होती, म्हणाली, “माल चांगलाय हो.”

काका कमानीकडे बघत राहिले.

“प्राप्ती! हा काय प्रकार आहे?”

“सुकट, काका. वाडीत जागा नाही ना, आपली टेबलं आहेत. म्हटलं आपल्या गच्चीवर ऊन चांगलं लागतं.”

“आपल्या?”

“आपल्याच ना?”

“अगं, आपल्या कसली! ही आमची गच्ची आहे! आमची!”

काकांचा आवाज मुळात माडावरून माडावर जाणारा. सगळ्या वाडीने ऐकलं. खाली गणराजने करवत जमिनीवर ठेवली आणि वर बघत ओरडला, “ओ शेट! मंग ह्या झाड कुनाचा हाय? तुमचा का त्यांचा? मागनं भांडनात मना नको घेव.”

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सवयीने ‘आप’पर्यंत आले आणि थांबले. कारण आत्ताच जे ओरडले ते अजून माडांत घुमत होतं.

“आमचं,” आई म्हणाली.

इतकं हळू की गणराजने कानाला हात लावला. मग आईने परडी खाली ठेवली, आणि तिची ती भुवई मी वरून, गच्चीवरून, वर चढताना पाहिली.

“आमचं आहे. तोडायचं नाही.”

काका सावकाश जिना उतरले, मी त्यांच्या मागे. काकांच्या घरी जायच्या सगळ्या वाटा आता बंद होणार, काकी बोलणं टाकणार, पुढच्या तापाला टेम्पो नाही, असं काय काय मनात येत होतं. काका आईसमोर उभे राहिले.

“वहिनी, तुम्ही त्या दिवशीच सांगायचं होतं. मी बयाणा देऊन बसलो मशीनवाल्याला.”

“त्या दिवशी तोंडातून निघेना, भाऊजी.”

“मी काय वाघ आहे?”

“वाघ असतात तर बरं झालं असतं,” आई म्हणाली. “पाहुण्यांना सकाळी बसू दे इथे, माझी ना नाही. पण मला विचारून. आणि चादरी नकोत, झोपाळा नको, गाड्या तर नकोच.”

काकांनी रातांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही कुणावर गेली हो वहिनी?”

“मलाही आत्ताच कळलं,” आई म्हणाली.

गणराजला आईने सरबत दिलं. बोंबील काकांनीच कमानीवरून उतरवले, एकेक, मोजून-मापून, अगदी नीट. नवरीच्या आईने जाताना टोपलीभर जवळा मागून नेला.

मला वाटलं, संपलं. पण नाही. आईला चव लागली.

दुपारी काकी खुर्च्या अजून एक दिवस ठेवू का विचारायला आल्या. आई म्हणाली, “नाही गं नूतन, धुवायच्या आहेत.” काकी गेल्यावर आई स्वतःशीच हसली. संध्याकाळी बाबांचा फोन, रविवारी बंदरातले चार मित्र घेऊन येतो, मटण कर. “नाही,” आई म्हणाली, “पिठलं करेन.” पलीकडून बाबांनी विचारलं, “हॅलो, कोण बोलतंय?”

हीच वेळ, असं मला वाटलं. घरात क्रांतीचं वातावरण आहे, त्यात माझंही एक काम उरकून घ्यावं. मी गळ्यात पडून म्हटलं, “आई, उद्या गौरी आणि आम्ही सगळ्या अलिबागला बीचवर जाऊ? संध्याकाळपर्यंत येतो.”

आईने परडीतला एक रातांबा उचलला, फोडला, बी बाजूला काढली आणि मग माझ्याकडे बघून, सगळ्या जगाला पुरेल इतक्या आनंदाने म्हणाली,

“नाही.”