रिती डालकी

कापणीच्या सणाच्या सकाळी भागाबाईने फळीवरची डालकी खाली काढली, झटकली, पुसली आणि तशीच रिकामी डोक्यावर घेतली. बांबूची जुनी टोपली, काठाला हिरवी फीत गुंडाळलेली. फीत ज्योतीने लावली होती, मागच्या सणाला. तेव्हा याच डालकीत भरताची वांगी आणि बाजरीची कणसं मावत नव्हती, आणि पोर ती डोक्यावर घेऊन अशी डुलत चालली की बाया म्हणाल्या, भागे, हिला लवकर उजव बाई.

पावसाळ्यात ज्योती तापाने गेली. शिरपूरला नर्सिंग शिकत होती, दुसऱ्यांचे ताप बघायची. तिचा ताप कशाचा, ते कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही.

"रिकामी घेऊन कुठं चाललीस?" ओट्यावर बसलेल्या नवऱ्याने, अभिमनने विचारलं. लेकीला मातीत ठेवलं त्या दिवसापासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती.

"सणाला."

"त्यानं आपल्याला सोडलं, भागा. तू बी सोड त्याला."

"तुम्ही बसा. माझं काम शे त्याच्याकडं."

चर्चच्या फाटकापासून रांग निघाली होती. कोणाच्या डोक्यावर केळीचा घड, कोणाच्या हातात लाल मिरच्यांची परडी, कोणाच्या काखेत पाय बांधलेली कोंबडी. पुढे ढोलकी. दरवर्षी या रांगेचं गाणं भागाबाई उचलायची. आईकडून आलेली जात्यावरची चाल तिने येशूच्या नावाला लावली होती, आणि ओव्या तिला जागच्या जागी सुचायच्या. आज ढोलकीवाला तिच्याकडे बघत वाजवत राहिला. तिने तोंड उघडलं नाही. मग चार बायांनी कसंबसं गाणं धरलं, आणि प्रत्येकीची पट्टी वेगळी.

जाऊ हेमांगी शेजारून चालत होती. तिने टाचा उंचावून डालकीत पाहिलं आणि स्वतःच्या टोपलीतला एक दुधी भोपळा हळूच त्यात टाकू लागली. "राहू दे अक्का. लोक काय म्हणतील?"

भागाबाईने तिचा हात धरला. "दुधी तुझा. माझी डालकी मला राहू दे."

"अगं, देवाला चांगलीच फुलं आवडतात. म्हणून लवकर नेतो."

"त्याला बाग कमी पडली का गं? माझ्या परसात एकच झाड होतं."

 हेमांगीला रडू आलं, पण दुधी तिने परत घेतला.

आत वेदीपुढे एकेकजण पीक मांडत होता. भागाबाई आली, वाकली आणि भोपळ्यांच्या राशीशेजारी रिकामी डालकी ठेवली. सबंध चर्चमध्ये कुजबुज उठली. पंचांमधले थोरले धनसिंगआबा उठून उभे राहिले.

"भागा, हे काय? देवापुढं रिकामी टोपली? बोलायचं असेल तर घरी बोल. हा अपमान शे."

पाळक भाईदास घाईने पुढे आले. माणूस मऊ होता. ज्योतीच्या मातीला तो सगळ्यांपेक्षा जास्त रडला होता. "भागाताई, आज उपकार मानायचा दिवस. पुढच्या आठवड्यात मी घरी येतो, आपण प्रार्थना करू."

"कापणीचा सण शे ना, पास्टर?"

"हो."

"मग माझीही कापणी झाली. दाणा भरायच्या आधीच झाली. ज्यानं केली त्याला दाखवायला आणली. दुसरं काय आणू? उसनी वांगी आणून खोटं हसू?"

पाळकांच्या हातात आभाराच्या प्रार्थनेचा कागद होता. त्यांनी तो पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. "मग आजची प्रार्थना तुम्हीच करा," ते म्हणाले.

धनसिंगआबा पुटपुटले. भागाबाईने गुडघे टेकले नाहीत. उभ्यानेच तिने पदर खांद्यावर ओढला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी अहिराणीतच बोलली.

"देवबाप्पा, तुले बठ्ठं, सगळं म्हाईत शे. मनी पोर काबर लई गया, माले सांग. पास्टरले म्हाईत नही, डॉक्टरले म्हाईत नही. तुले म्हाईत शे. तू सांगत नही तवलोंग मनी रिती डालकी आठेच राही."

आणि मग, सकाळपासून अडकलेला आवाज सुटला. ढोलकीवाल्याला कळायच्या आत तिने चाल उचलली:

रिती माझी डालकी, देवा तुझ्यापुढं मांडली,
माय तुझ्याशी भांडली, तुझी पायरी ना सांडली.

दुसऱ्या वेळी हेमांगीने साथ दिली. तिसऱ्या वेळी मागच्या बाकांवरून आवाज आले. ज्यांच्या घरातून कोणी ना कोणी गेलं होतं त्यांचे. आमेन कोणी म्हटलं नाही.

दुपारी पिकांचा लिलाव झाला. तो दरवर्षी धनसिंगआबाच करायचे. "ही कोंबडी घ्या, पास्टरपेक्षा मोठ्यानं उपदेश करते!" लोक हसले, दुधी गेला, केळी गेली. शेवटी वेदीपुढे डालकी तेवढी उरली. आबा तिच्यापाशी थांबले.

"हिचं काय करू गं?"

"विकायची नाही, आबा. घरीही न्यायची नाही. त्याच्यापुढं राहू द्या."

आबांनी पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी होकाराची मान हलवली. आबांनी मग पायाने नव्हे, हाताने डालकी सरळ केली, फितीचं सुटलेलं टोक आत खोचलं आणि म्हणाले, "झाडणाऱ्याला सांगून ठेवतो."

फाटकाबाहेर लिंबाखाली अभिमन मोटरसायकल लावून उभा होता. गाणं त्याला तिथवर ऐकू आलं असावं.

"आलीस सोडून त्याला?"

"डालकी सोडून आले. रविवारी बघायला जायचं, काय जाब देतो ते."

"आणि नाही दिला तर?"

"तर त्याच्या पुढच्या रविवारी." ती मागे बसली, पदर आवरला. "त्याला सोडलं तर विचारू कोणाला?"

अभिमन पुढे बसला, पण त्याने किक मारली नाही.  "मी आत येणार नाही," तो म्हणाला.

"नका येऊ. बाहेर उभे राहा. भांडणाला साक्षीदार लागतो."