मेंढरू ज्याचं गेलं

तिसऱ्या मजल्यावरच्या बायजाबाई कळशी घेऊन जिन्यात पडल्या, तेव्हा मधुकर सर पहिल्या मजल्यावर आपल्या खोलीत एका मेंढराचा विचार करत बसले होते. मेंढरू चिनी होतं आणि त्याला मरून दोन हजार वर्षं उलटून गेली होती.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी नेरूळच्या वाचनालयाच्या माडीवर सर आणि त्यांचा जुना सोबती सुभाष वाद घालायचे. दोघंही मुंबईच्या एकाच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. सरांची शिस्त इंग्रजी तर्काची. शब्दाचा नेमका अर्थ काय, वाक्य खरं की खोटं, एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लागतो की नाही, हे तपासल्याशिवाय ते पुढं पाऊल टाकायचे नाहीत. सुभाषला उतारवयात चिनी लिपीचं वेड लागलं. दाढा दुखतात म्हणून तो मुंबईतल्या एका चिनी दातवाल्याकडं जायचा. दाढा गेल्या, अक्षरं राहिली. आता तो उरणला मोऱ्याच्या धक्क्याजवळ राहायचा आणि वादाच्या दिवशी एसटीनं यायचा. ऐकायला माणसं मोजकीच असत. त्यातला एक जण तर निव्वळ पंख्याखाली बसायला येई.

या महिन्याचा विषय मेंढरू होता. बापानं दुसऱ्याचं मेंढरू घरात बांधलं. मुलाला माहीत आहे. त्यानं साक्ष द्यावी की झाकावं? जुने चिनी जाणते म्हणत, झाकावं. बापलेकानं एकमेकाला झाकण्यातच सरळपणा आहे. सरांनी या प्रश्नावर सुभाषला अनेकदा हरवलं होतं.

बायजाबाईंचा हात मनगटात मोडला. त्यांचा मुलगा कोंडिबा वाशीच्या मार्केटात गोणी वाहायचा. पहाटे पाणी यायच्या आधीच तो घरातून निघालेला असे. गच्चीवरची टाकी फुटल्यापासून पाणी थेट लाइनीतून येत होतं, आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ नुसता फुसफुसायचा. म्हातारी खालच्या नळावरून कळशा चढवायची.

संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी गोटीराम आला.

"सर, कोणीतरी लाइनला मोटर लावलीय. वरचं पाणी खेचतंय कोणतरी. आता हात मोडला, उद्या मान मोडंल. रविवारी संध्याकाळी मीटिंग ठेवलीय. चेअरमन म्हणून तुमी एकेकाला उभं करून विचारायचं."

"मीच का? तू विचार की."

"मला कोन खरं सांगतंय? तुमच्या तोंडावर खोटं बोलायची कोनाची टाप नाय. ज्याच्याकडं मोटर निघंल त्याचं कनेक्शन कट. सगळ्यांनी कबूल केलंय."

गोटीराम म्हणत होता त्यात खोटं नव्हतं. सरांच्या मुलाच्या, केयूरच्या, शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मतारीख चार दिवस आधीची लिहा, असं हेडमास्तरांनीच सुचवलं होतं. सरांनी लिहिली नाही. पोराचं वर्ष गेलं. ही गोष्ट बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक होती, आणि केयूर ती अजून विसरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांना जाग आली. स्वयंपाकघरातून बारीक घरघर येत होती. ती ते बरेच दिवस ऐकत होते आणि फ्रिज जुना झाला असं धरून चालले होते. त्या दिवशी मात्र ते उठले. ओट्याखाली गव्हाच्या डब्यामागं त्यांचा कॉलेजातला जुना कोट गुंडाळून ठेवलेला दिसला. कोट थरथरत होता. बाजूचं पिंप काठोकाठ भरत आलं होतं.

बायको, अरुणा, दारात येऊन उभी राहिली. "हात लावू नका. शॉक बसेल."

"कधीपासून?"

"टाकी फुटली तेव्हापासून. उकिडवं बसून बादल्या भरायला माझे गुडघे देत नाहीत, हे त्याला दिसलं. तुम्हाला दिसलं नाही."

केयूर डोळे चोळत बाहेर आला.

"बाबा, टेन्शन घेऊ नका. सगळीकडे लावतात. सापडलो मी, एवढंच."

"अजून सापडला नाहीस. रविवारी मला सगळ्यांना विचारायचंय. तुलाही."

"मग विचारा ना. मी नाही म्हणेन. तुम्ही फक्त पुढच्या माणसाकडं वळा."

"आणि वरची ती बाई?"

"तिचं वाईट वाटतं हो मला. पण आईनं काय करायचं? कनेक्शन तुटलं तर खालून बादल्या कोण आणणार, तुम्ही?"

सर खोलीत परत गेले. पुढं वळायचं, एवढंच काम होतं. खोटं मुलगा बोलणार होता, त्यांना फक्त ऐकून घ्यायचं होतं. आणि दुसऱ्या बाजूला एकच वाक्य होतं, माझ्या घरात मोटर आहे. वाक्य खरं होतं, लहान होतं. आयुष्यभर अशी वाक्यं त्यांनी फळ्यावर लिहिली आणि पुसली होती. हे मात्र त्यांच्या तोंडून निघेना.

रविवारी सकाळी माडीवर पंखा गरगरत होता. सुभाषनं मेंढराची गोष्ट सांगितली आणि सरांकडं पाहून हसला. "आता हा म्हणणार, नावं काढा."

"हो," सर सवयीनं म्हणाले. "नावं काढा. 'क'नं 'ख'चं मेंढरू चोरलं. 'ग'ला ते ठाऊक आहे. 'ग'नं सांगावं की नाही? आता 'क' कोणाचा कोण लागतो, यानं उत्तर बदलता कामा नये. बदललं, तर तो नियम नव्हे, सोय आहे."

"आणि मी म्हणणार, नावं काढलीस तर बापही गेला आणि लेकही गेला. मग सांगायचं कोणी आणि झाकायचं कोणाला? आमचे लोक नियम कुठं आहे असं विचारतच नाहीत. तू कुठं उभा आहेस, असं विचारतात. बोल पुढं."

पुढचं सरांना पाठ होतं. प्रत्येकानं आपापल्या माणसाला झाकलं तर साक्ष या शब्दाला काही अर्थच उरत नाही, असं म्हणायचं आणि श्रोत्यांकडं पाहायचं. ते उठून उभे राहिले. श्रोत्यांकडं पाहिलं. मग खाली बसले.

"आज माझ्याकडं उत्तर नाही," ते म्हणाले.

पंख्याखालच्या माणसालाही ते नवं वाटलं. तो नीट सावरून बसला.

एसटीच्या थांब्यावर सुभाषनं विचारलं, "काय झालंय?"

"समज, 'क'च्या घरात पाण्याची मोटर आहे…"

"मध्या, केयूरनं लावलीय का?"

सरांनी मान हलवली. मग सगळं सांगितलं. कोटाचंही सांगितलं. सुभाष ऐकत राहिला. उरणची गाडी आली, ती त्यानं जाऊ दिली.

"म्हणजे जिंकलास तू," सर म्हणाले.

"असलं जिंकणं मला नको. खरं सांगू? त्या गोष्टीत एक भोक आहे. बापाचं झालं, लेकाचं झालं. मेंढरू ज्याचं गेलं तो माणूस कुठंच बोलत नाही. माझ्या लोकांनी त्याला बोलूच दिलं नाही, आणि तुझ्या लोकांनी त्याचा 'ख' केला."

"मग मी करू काय?"

"दुसरी एक गोष्ट आहे त्यांची. राजाच्या बापाच्या हातून खून झाला तर राजानं काय करावं? न्यायाधीशाला अडवू नये, म्हणतात. बापाला धरूनही देऊ नये. झिजलेली चप्पल टाकावी तसं राज्य टाकावं, बापाला पाठीवर घ्यावं आणि समुद्रकाठी जाऊन राहावं. आनंदात."

"आनंदात?"

"तसं म्हणतात. मी रोज समुद्र बघतोय, मला ते आनंदाचं कधी पटलं नाही."

संध्याकाळी बिल्डिंगीखाली खुर्च्या मांडल्या होत्या. बायजाबाई गळ्यात हात अडकवून पुढंच बसल्या होत्या. केयूर मागं स्कूटरवर रेलून उभा होता.

"चला सर, करा सुरू," गोटीराम म्हणाला.

सर उभे राहिले. "मी विचारणार नाही. मी चेअरमनपद सोडतोय. आत्ताच."

"आँ? का पन?"

"ज्यानं विचारायचं त्याचं घर साफ पाहिजे."

माना हळूहळू मागं स्कूटरकडं वळल्या आणि लाजून पुन्हा पुढं आल्या. सरांना वाटलं होतं, एवढं केलं की पाठीवरचं ओझं उतरेल. त्यांनी नाव घेतलं नव्हतं आणि खोटंही ऐकून घेतलं नव्हतं.

बायजाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. "सर, खुर्ची सोडलासा, बरं झालं. पर तुमच्या खुर्चीला मी काय करू? ती सोडून माझ्या हंड्यात पाणी पडतंय व्हय?"

कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. गोटीराम पुटपुटला, "आता कनेक्शनचं कसं करायचं?" पण सरांचं कनेक्शन तोडा असं म्हणायला कोणाची जीभ उचलेना. नव्या चेअरमनचं नंतर बघू, असं म्हणून लोक खुर्च्या उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्याखाली घरघर सुरू झाली. सर उठले, भरलेल्या पिंपातून दोन बादल्या काढल्या आणि जिना चढायला लागले. प्रत्येक वळणावर थांबावं लागलं. बायजाबाईंनी दार उघडलं, बादल्यांकडं पाहिलं, सरांच्या धापेकडं पाहिलं.

"वता पिंपात," त्या म्हणाल्या. पाणी कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही.

असं रोज चालू झालं. खाली मोटर वरचं पाणी ओढायची आणि सर तेच पाणी पुन्हा वर न्यायचे. त्यांचे खांदे भरून आले, पायात गोळे यायला लागले. दुपारी पुस्तक हातात धरलं की डोळा लागायचा. अरुणा रात्री त्यांच्या पाठीला तेल चोळायची.

एकदा केयूर वाटेत आडवा उभा राहिला. "बाबा, वेडेपणा आहे हा. लोक बघतात."

"बघू देत."

"मला सरळ सांगा ना, मोटर काढ म्हणून."

"सांगितलं तर काढशील?"

केयूर बाजूला झाला. सर वर गेले.

मग एका पहाटे सरांना जाग आली ती घरघर नव्हती म्हणून. स्वयंपाकघरात केयूर पाटावर बसला होता, अर्धा झोपेत. नळाला करंगळीएवढी धार होती आणि तो तांब्यातांब्यानं पिंप भरत होता. ओट्याखालची जागा मोकळी होती. कोट दोरीवर वाळत घातला होता.

"आईला उठवू नका," तो मान वर न करता म्हणाला. "मी भरतोय."

सरांनी कालची शिल्लक एक बादली उचलली. केयूरनं त्यांच्याकडं पाहिलं, पण अडवलं नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सरांनी बादली खाली ठेवली. वरून आवाज येत होता. नळ आधी फुसफुसला, मग थांबला, मग रिकाम्या पिंपाच्या तळावर बारीक धार पडायला लागली. सर पायरीवरच बसले. भरलेली बादली शेजारी होती. ती आता वर न्यायची की खाली, हे त्यांना सुचेना.

वरचं दार उघडलं. बायजाबाई कठड्यावरून वाकल्या.

"बसलासा व्हय? या वर. भरलेली बादली परत खाली न्यायची न्हाई."

"आलो," सर म्हणाले. पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.