गिअरबॉक्समधली गोळी

कौशल्याबाईंनी चहाचा कप हरिओमजवळ ठेवला आणि उठता उठता ताटातल्या सुट्या भागांमधली एक पोलादी गोळी उचलली. वाटाण्याएवढी. हरिओम मिस्त्री पाठमोरा बसून हाताचं तेल पुसत होता. बाईंचे यजमान शालिग्रामराव बाजेवर डोळे मिटून पडले होते. जन्मात कुणाच्या झाडाची चिंचही न तोडलेल्या बाईने चोरी केली आणि गोळी कनवटीला खोचली.

भीती दारातल्या जुन्या मोटारीची नव्हती, ती चालवणाऱ्याची होती. गेल्या वर्षी उंद्रीच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवतानाच शालिग्रामरावांना लकव्याचा झटका आला. नालीत पडलेले ते आधी कौशल्याबाईंनाच दिसले. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. या गाडीला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात, उजवा पाय पुरे, असं कुणीतरी सांगितलं; झालं, भावाच्या गोदामात धूळ खात पडलेली गाडी दारात आली. गिअरबॉक्स तेवढा बिघडलेला. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हरिओमने तो पार उघडून पुन्हा बांधायला घेतला होता. एक गोळी नसली की काम अडेल, असं कौशल्याबाईंचं गणित.

हरिओमने गोणपाट झटकलं, बाज सरकवली.

"मावशी, इथं बारीक गोळी पाह्यली का?"

"नाही बाप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बाहेर आल्या, तर गिअरबॉक्स गाडीत बसलेला.

"गोळी सापडली?"

"कायची सापडते! सायकलचा छर्रा टाकला. जरा बारीक हाय, पण चालते."

कौशल्याबाईंची पाचावर धारण बसली. वस्तू नाही म्हणून इथला मिस्त्री कधी थांबतो का? उभा जन्म या गावात काढून एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. आता माणूस धड नाही आणि गाडीही नाही, आणि गाडीचं पाप त्यांच्याच माथी.

चाकापुढे नारळ फुटला. शालिग्रामरावांनी किल्लीला हात घातला.

"थांबा!"

कौशल्याबाई धावत गाडीपाशी गेल्या. कनवटीतली गोळी काढून त्यांनी हरिओमपुढे धरली.

"म्या चोरली. ह्यायनं गाडी चालवू नये म्हणून."

हरिओमने गोळी हातात घेतली. शालिग्रामरावांनी किल्लीवरचा हात काढला. त्यांचं कपाळ घामाने डबडबलेलं होतं.

"काल उचलताना पाह्यलं मी तुले," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं, बरं झालं, आता काम अडते."

"मंग बोलले काऊन नाही?"

ते रस्त्याकडे पाहत म्हणाले,

"तू बोलशीन म्हणून वाट पाहून राह्यलो होतो."

हरिओमला यातलं काहीच समजलं नाही. गोळी सदऱ्याला पुसत तो खुशीत म्हणाला,

"असली भेटली ना भाऊ! खोलतो पुन्हा. सांजपर्यंत पळवतो गाडी."

"घाई नाही," दोघंही एकदमच म्हणाले.